रवळूचा वाटा

ऐतवारी सकाळी साडेसहाला अक्काताई स्टीलचा डबा घेऊन निघाली की गल्लीला वाटायचं, म्हातारी मटणाला चालली. गल्लीला काय, काहीही वाटतं. मटणाची तिला एवढी हौस कधीच नव्हती, आणि आता तर दोन्हीकडच्या दाढा गेलेल्या. ती जायची ती एक नाव ऐकायला.

मच्छेजवळच्या अक्काताईच्या गावात आठ घरं मिळून दर रविवारी एक बकरं घेतात. भावकूच्या घरामागच्या परड्यात ताडपत्री अंथरून तिच्यावर आठ वाटे घालतात. काळीज सगळ्यांना, नळी सगळ्यांना, चरबीसुद्धा सारखी. तरी माणसाचं मन, त्याचा काय भरवसा! माझ्यात हाडंच जास्त आली, असं कुणी म्हणू नये म्हणून म्हातारा भरमू वाट्यांकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून उभा राहतो. भावकू एकेका वाट्यावर काठी टेकवून विचारतो, "ह्यो कुणाचा?" आणि भरमू न बघता एका घराचं नाव पुकारतो. पुकारलं की संपलं, तो वाटा त्या घराचा. पुन्हा त्यावर बोलायचं काम नाही.

अक्काताईचा नवरा रवळू जाऊन चौदा महिने झाले होते. उद्यमबागेतल्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत तीस वर्षं घाम गाळला, आणि घरी निवांत बसायची वेळ आली तेव्हा गेला. मग रेशनकार्डावरनं नाव गेलं, बँकेतनं गेलं, मतदार यादीतनं गेलं. गल्लीतली माणसंसुद्धा 'रविराजचे वडील' म्हणायला लागली. अक्काताईनं तर ते नाव जन्मात घेतलेलं नव्हतं. तिच्या वयाच्या बायका घेत नाहीत. 'अवो' म्हणायचं, नाहीतर 'आमचे हे'. राहता राहिला भरमू. त्याच्या जिभेला जुनी सवय. दर रविवारी तो भिंतीकडं बघत खड्या आवाजात म्हणायचा, "रवळूचा!" आणि अक्काताईला आठवडाभर पुरेल एवढा धीर यायचा.

वाटा घरी आणून ती रांधायचीही पाच माणसांचं. कांदा-खोबरं भाजून मसाला वाटायची, आधी बिनतिखटाचं आळणी पाणी काढायची, सुकं वेगळं, रस्सा वेगळा, वर तांदळाच्या भाकरी. आणि जेवायला कोण? ती एकटी! दुपारी चार घास, संध्याकाळी चार घास. सोमवार धरायची, म्हणून उरलेलं मंगळवारी. त्यातनंही उरायचं ते दारातल्या कुत्र्याला.

हे तिनं गेल्या आठवड्यात रविराजला फोनवर हसत हसत सांगितलं. पोरगा बंगळूरला, घरात दिपाली आणि छोटी आरोही. तो काही हसला नाही.

"आई, डॉक्टरनी काय सांगितलंय? कोलेस्टेरॉल किती आहे तुझं?"

"आसू दे रं. मी कुठं एवढं खाते?"

"मग आणतेस कशाला?"

आता ह्याला काय सांगायचं? तिनं आरोहीच्या शाळेचं विचारलं आणि विषय बदलला. पोरगं वाईट नाही हो. पण बंगळुरात बसून आईची काळजी करायची म्हणजे फोनवरनंच करायची, आणि फोनवरनं फक्त बंद करता येतं.

त्या रविवारी ती नेहमीसारखी परड्यात जाऊन पेरूच्या झाडाखाली उभी राहिली. ताडपत्रीवर आठ वाटे होते. भरमू भिंतीकडं वळला आणि नावं सुरू झाली. एकेक जण पुढं होऊन आपापला वाटा डब्यात भरायला लागला. चार झाले, पाच झाले, सात झाले. राहिला आमचाच, म्हणून अक्काताईनं डब्याचं झाकण उघडलं.

"ह्यो कुणाचा?"

भरमू जरा थांबला. मग म्हणाला, "स्वरूपचा."

स्वरूप म्हणजे कोपऱ्यावर नवीन घर बांधून आलेला तरुण. तो पुढं झाला आणि अक्काताईला बघून जागेवरच थबकला. भावकूनं हातातली काठी खाली ठेवली.

"वैनी, रविराजचा फोन आलता. म्हणाला, आईचा वाटा बंद करा, तिला सोसत न्हाय. म्हणून तुमच्या जागी स्वरूपला घेतला. मला वाटलं, तुमाला म्हाईत हाय."

आठ माणसांपुढं उघडा डबा घेऊन उभी होती अक्काताई. स्वरूप घाईघाईनं म्हणाला, "काकू, माझा न्या. आमचं काय, आम्ही कोंबडी आणतो."

"नको बाबा. तुझा तू घे."

पण भावकूनं आपल्या डब्यातनं मूठभर काढून तिच्या डब्यात टाकलं. ते बघून दुसऱ्यानं टाकलं, मग तिसऱ्यानं. कुणी काळीज टाकलं, कुणी नळी. बघता बघता डबा एवढा भरला की झाकण बसेना. माणसं मायेची, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. पण वाटा हक्काचा असतो आणि ही कीव होती. एवढं मटण तिच्या डब्यात कधी आलं नव्हतं, आणि ज्याच्यासाठी आली ते मात्र कुणी टाकलं नव्हतं. हे बोलणार कसं? हसतील की!

"पुढल्या ऐतवारपासनं नऊ वाटे घालू," भावकू म्हणाला. "रविराजला मी समजावतो. भरमूआण्णा, आता 'अक्काताईचा' म्हणून पुकारायचं, काय?"

"तेच बरोबर हाय," भरमू म्हणाला. "वाटा जित्या माणसाचा आसतोय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईला मान दिला असं त्यांना वाटलं, आणि दिलाही होता.

"न्हाय," अक्काताई म्हणाली. "माझ्या नावानं नको. पयल्यापासनं ज्या नावानं हाय, त्याच नावानं ऱ्हाऊ दे."

"रविराजच्या म्हणता व्हय? चालतंय की."

तिनं 'न्हाय' म्हणून मान हलवली. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं हळद लागायच्या आधी बजावलं होतं. एक्केचाळीस वर्षं तिनं ते पाळलं. दवाखान्यात नर्सनं पेशंटचं नाव विचारलं, तेव्हासुद्धा तिनं कागद पुढं केला. एवढं राखूनसुद्धा माणूस गेलाच. आता कमी व्हायला राहिलंय काय?

"रवळू," ती म्हणाली. आवाज चिरका आला, म्हणून पुन्हा म्हणाली, "रवळूच्या नावानं."

भरमूनं डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली.

"बरं," तो म्हणाला. "पुकारतो."

घरी येऊन तिनं सगळं रांधलं, काही मागं ठेवलं नाही. दुपारी एकला भाकरीची चवड झाली, रस्स्याला तर्री आली. इतकी वर्षं ती ह्या वेळेला 'अवो, वाढलंय' म्हणायची आणि मागच्या दारानं 'आलो, आलो' यायचं. आज नाव तोंडात आलेलंच होतं. मागच्या दारात जाऊन तिनं ते घेतलं.

"रवळू, जेवायला या."

पलीकडच्या घरात टीव्ही चालू होता. ती थोडा वेळ थांबली, आणि मग पदर सावरून आणखी एकदा, चांगलं मोठ्यानं म्हणाली. कुणीसुद्धा ओ दिली नाही. मग तिनं दार लोटून घेतलं, आपलं एकटीचं ताट वाढलं आणि रस्स्यात भाकरी कुस्करली.