टाकीतला सुस्कारा

“गाडी कुनाला देऊ नको. स्नेहलच्या हातात दे. आन तू बी तिच्या मागं बसत जा, भिऊ नको.”

छगन जाऊन वर्ष होत आलं होतं. तरी मठातल्या त्या गर्दीत आक्काबाईला नवऱ्याचा आवाज अगदी कानाशी ऐकू येत होता. जाण्याआधी त्यानं हे सांगितलं, तेव्हा ती त्याला “व्हय” म्हणाली होती. आणि आज त्याचीच जुनी मोटारसायकल महाराजांच्या पायाशी सोडायला आली होती. किल्ली पादुकांच्या ताटात पडलीही होती.

पारनेरच्या वाटेवरच्या खिंडीत गाडी आजही बंद पडली होती. मायलेकींनी ती ढकलत इथवर आणली आणि बघ्यांनी तिला गराडा घातला.

“सरका, सरका!” बजरंग महाराज टाकीवर मोरपीस फिरवत गरजले. “हे साधंसुधं न्हाई! प्लगात बसलं असतं तर मेस्त्रीनं काढलं असतं. हे पेट्रोलात पवतंय! टाकी फुल केली की जास्त माजतं का न्हाई, सांग बाई?”

“व्हय महाराज, टाकी भरली की लवकर बंद पडती.”

“कसं वळखलं बगा!” गर्दी हळहळली. एका म्हाताऱ्यानं धाकानं विडी विझवली. पेट्रोलपाशी तो धाक बराच म्हणायचा.

महाराजांनी टाकीच्या झाकणाच्या कडेवर अंगारा ठेवला, डोळे मिटले, ‘ह्रीं ह्रीं’ केलं आणि झाकण फिरवलं.

फुस्स्स!

टाकीनं लांब सुस्कारा टाकला. चार बाया मागं सरल्या. “सुटला! सुटला!” महाराजांच्या शिष्यानं ताटातली किल्ली लावून किक मारली आणि गाडी लगेच फुरफुरू लागली. टाळ्या पडल्या. शिष्यानं गाडी बंद करून किल्ली पुन्हा ताटात ठेवली.

“आज सुटला, उद्या पुन्यांदा बसंल,” महाराज म्हणाले. “त्याला गाडीचा लोभ हाय. धन्याचाच आत्मा हाय तो. गाडी हितंच राहू दे.”

भिंतीला अशा ‘राहू दिलेल्या’ गाड्यांची रांगच लागली होती.

“आये, चल ना,” स्नेहल पुटपुटली. ती पारनेरच्या एका दवाखान्यात नर्स होती. आणखी एकदा उशीर झाला तर दुसरी मुलगी बघू, असं तिला बजावलं होतं. खिंडीतून वेळेवर जाणारी एसटी नव्हती. “गाडी गेली की नोकरी गेली. बाबा कशाला माझ्या वाटंला जातील?”

आक्काबाई ऐकत नव्हती. ती झाकणाकडे बघत होती. मघाचा अंगारा कुठं गेला? भूत बाहेर पडलं तर राख उडून महाराजांच्या दाढीत जायला हवी होती. पण चिमूटभर राख तिच्या डोळ्यांदेखत सर्रकन आत ओढली गेली होती.

“महाराज,” ती हळू आवाजात म्हणाली, “सुस्कारा बाहेर पडला, तर अंगारा आत कसा वो गेला?”

“प्रश्न इचारू न्हाई, बाई. शेंदूर लावतीस का रोज? कवच?”

लावत होती. दोन महिन्यांमागं गाडी उभ्या उभ्या थरथरायला लागली, रेस सोडली की भकभक करायची, तेव्हा महाराजांनीच टाकीच्या झाकणाला तेलातला शेंदूर थापला होता आणि रोज लावायला सांगितला होता. पारनेरच्या गनीभाई मेस्त्रीनं कार्बोरेटर साफ केला आणि थरथर गेली. पण वाटेत बंद पडणं तेव्हापासूनच सुरू झालं. गनीभाईच्या दारात मात्र गाडी कधी बंद पडायची नाही. तो झाकण काढूनच ती तपासायचा.

आणि आणखी एक आठवलं. ती पुणतांब्याला माहेरी गेली होती, शेंदराला खाडा पडला होता, तेव्हा गाडी एकदाही थांबली नव्हती.

आक्काबाईनं नंदादीपाशेजारचा तेलाचा डबा उचलला. वरच्या पत्र्याला समोरासमोर दोन भोकं होती, सगळ्या घरांत असतात तशी. तिनं एकावर अंगठा दाबून डबा कलंडवला. तेल जरा गळलं आणि अडलं. अंगठा उचलला, धार लागली.

“आगं बया!” मागून कुणीतरी म्हणालं. “हे तर आमी रोजच करतो की!”

स्नेहल पुढं झाली. केसातल्या पिनेनं तिनं झाकणावरचा शेंदूर खरवडला. खाली सुईच्या अग्राएवढं भोक निघालं.

“पेट्रोल खाली उतरलं की त्याच्या जागी हवा आत यायला पायजे, ती ह्या भोकातून येती,” ती गर्दीकडे वळून म्हणाली. “भोक बुजलं की पेट्रोल अडतं, इंजिन मरतं. टाकी भरलेली असली की आत हवा कमी, म्हणून लवकर मरतं. झाकण उघडलं की बाहेरची हवा आत घुसती, तोच सुस्कारा. भूत न्हाई, शेंदूर हाय!”

“बाई!” महाराजांचा आवाज चिरकला. “तुझी श्रद्धा ढळली!”

“महाराज, रोज अंघोळ करून, तोंडात पानी न घेता लावलाय म्या शेंदूर,” आक्काबाई म्हणाली. “ढळली असती तर गाडी कवाच नीट झाली असती.”

गर्दी खदखदून हसली. भिंतीलगतच्या आपल्या गाडीपाशी जाऊन कुणीतरी पिन मागितली, मग दुसऱ्यानं. महाराज अनुष्ठानाची वेळ झाली म्हणत आत गेले ते आलेच नाहीत.

आक्काबाईनं नंदादीपाला हात जोडले. “मी उपास सोडनार न्हाई, माळ बी सोडनार न्हाई,” ती शेजारणींना म्हणाली. “पन गाडी बिगडली तर आधी गाडी उघडून बगा. कुनी डोळे मिटा म्हनलं, की तवाच नीट बगा. आन माझ्या मेलेल्या मानसाच्या नावावर कुनी खापर फोडायचं न्हाई.”

तिनं ताटातली किल्ली उचलून स्नेहलच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून तिनं गाडीला कुंकू लावलं ते पुढच्या मडगार्डवर. स्नेहलनं किक मारली, इंजिन एका लयीत धडधडू लागलं.

“येते गं आये.”

“थांब.”

आक्काबाईनं दाराला कडी घातली, पदर कमरेला खोचला, आणि लेकीचा खांदा धरून मागं बसली.