बेबीताईच्या सहा गोळ्या

किन्हीराजा गावच्या देवमन हवालदाराला आयुष्यात दोनच गोष्टींचा गर्व होता, फौजेतली नोकरी आणि बत्तीस बोअरची विलायती रिव्हॉल्व्हर. नोकरी संपून जमाना झाला, रिव्हॉल्व्हर मात्र घरातच होती. ती मूळची गावच्या देशमुखांची. त्यांच्या नातवाने शहरात फ्लॅट घेताना ती विकायला काढली, तेव्हा देवमनने रीतसर परवाना काढून ती घेतली. ज्याच्या आजाला देशमुखांच्या ओट्यावर पाय ठेवायची सोय नव्हती, त्याच्या कमरेला देशमुखांचं हत्यार आलं. देवमन यावर कधी अवाक्षर बोलला नाही, पण ती लावून चालताना त्याची मान जरा जास्तच ताठ असायची.

दर हिवाळ्यात, तूर निघाली की शेलूबाजारच्या पुढच्या जुन्या मुरमाच्या खाणीत रायफल क्लबचा जुन्या हत्यारांचा दिवस भरायचा. खाणीची उंच दरड मागे, पुढे लाकडी चौकटीवर कागदाचं लक्ष्य. क्लबचा सगळा कारभार कारंजाच्या रऊफभाईंकडे. त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, पण जीव सगळा या लोखंडात. आजा-पणजाच्या काळातली हत्यारं घेऊन लोक यायचे, एकमेकांची हातात घेऊन बघायचे, चार गोळ्या मारायचे आणि मग कढी-भाकरीवर ताव मारत फुशारक्या मारायचे. कुणाच्या आजोबाने वाघ मारला होता, कुणाच्या पणजोबाने दोन. एवढे वाघ वाशीम जिल्ह्यात कधी होते का, हे विचारायचं नाही असा तिथला अलिखित नियम होता.

देवमनची बायको बेबीताई या मेळाव्याला वर्षानुवर्षं डबा घेऊन जात आली. सतरंजीवर बसायचं, वाढायचं, ऐकायचं. ती स्वतः उपकेंद्रात नर्स म्हणून रिटायर झालेली. अर्ध्या तालुक्यातली पोरं तिच्या हातची सुई टोचून घेऊन मोठी झाली होती. हात असा स्थिर की पोर रडायचं विसरायचं. पण त्या हाताचा इथे भाकरी वाढण्यापलीकडे उपयोग आहे, असं कुणाला कधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिलाही वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी सगळं बदललं. देवमनला कंपवात झाला. रेंजवर त्याने रिव्हॉल्व्हर उचलली आणि नळी अशी थरथरली की रऊफभाईंनी हळूच त्याच्या हातातून काढून घेतली. भरलेली गोळी वाया कशाला घालवायची म्हणून ते थट्टेत म्हणाले, भाभी, तुम्ही मारता का? बेबीताई उठली, पदर खोचला आणि मारली. तळहातात बसलेला तो धक्का, कानावरच्या कव्हरातूनही आलेला दणका, आणि मग बिजागरीवरची नळी खाली मोडून उघडली तशी टुणकन बाहेर उडालेली गोळीची रिकामी पुंगळी. बेबीताई खळखळून हसली. नवऱ्यासाठी नाही, पोरासाठी नाही, सरकारसाठी नाही, नुसत्या मजेसाठी आपण काहीतरी केलं, असं तिला उभ्या जन्मात पहिल्यांदा वाटलं. परत येताना जीपमध्ये तिने तळहात सारखा नाकाजवळ नेऊन बारुदाचा वास घेतला.

त्यानंतर तिने क्लबचं सभासदत्व घेतलं. रऊफभाईंनी क्लबच्या पिस्तुलावर तिला शिकवलं. घरी ती रिकामी रिव्हॉल्व्हर भिंतीवरच्या खुणेवर धरून घोडा ओढायचा सराव करायची. देवमन खाटेवरून ते बघायचा आणि कुरकुरायचा. त्याच्या मनात हत्यार मुलाच्या नावावर करायचं होतं, पण पुण्याच्या प्रसेनजितने फोनवर साफ सांगितलं, बाबा, मले ते लोढणं नको, पोलिसात जमा करून टाका. तेव्हा बेबीताई म्हणाली, माझ्या नावावर करा. देवमन हसला. ते हसणं तिला फार लागलं.

"सहाच्या सहा कागदावर मारून दाखव," तो म्हणाला, "मंग तुह्या नावावर. एक जरी बाहेर गेली तं सोमवारी ठाण्यात जमा. मंजूर?"

"मंजूर," बेबीताई म्हणाली.

परीक्षेआधी पेपर फुटायला नको, म्हणत देवमनने रिव्हॉल्व्हर आपल्या पेटीत कुलूपबंद केली. जणू बेबीताई रात्रीतून तिला फितवणार होती.

ठरल्या दिवशी खाणीत चांगली गर्दी होती. देवमन खुर्चीवर, हात मांडीखाली दाबून बसलेला. ते हात कुणाला दिसू नयेत एवढाच त्याचा आटापिटा चालायचा. गोष्ट सगळ्यांना माहीत झाली होती, त्यामुळे बाकीच्यांनी आपली हत्यारं बाजूला ठेवली. रऊफभाईंनी नियमाप्रमाणे रिव्हॉल्व्हर तपासायला घेतली. नळी मोडायला जोर लावावा लागला. गोळ्या भरायचं चक्र फिरवून पाहिलं तर जागचं हलेना. घोडा तर दगडात रुतल्यासारखा. त्यांनी ती नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"भाभी, ये तो जवस का तेल है," ते म्हणाले. "मुठीच्या लाकडाला लावतात ते ठीक आहे. हे तर आतल्या लोखंडात ओतलंय. वाळून त्याचा डिंक झाला."

वऱ्हाडातल्या माणसाला जवसाचं तेल सांगावं लागत नाही. हिवाळा आला की बैलगाडीचं जू, वखराचा दांडा, दाराची चौकट, सगळ्याला ते चोपडायचं, की लाकूड पुढच्या वर्षापर्यंत बघायला नको. रिव्हॉल्व्हरच्या मुठीलाही देवमन दरसाल बोटभर लावायचा. लोखंडाला मशीनचं तेल, लाकडाला जवस, हे त्यानेच बेबीताईला शिकवलं होतं.

बेबीताईच्या डोळ्यांपुढे गेल्या आठवड्यातली दुपार आली. देवमन ओट्यावर उन्हात बसून फडक्याने रिव्हॉल्व्हर पुसत होता, बाजूला तेलाची वाटी. हाताला काहीतरी काम मिळालं म्हणून तिला बरंच वाटलं होतं. वाटीत कोणतं तेल आहे हे तिने पाहिलं नाही. त्याने तरी कुठे पाहिलं. तिने वळून नवऱ्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. त्याला आत्ता कळलं होतं, हे तिलाही कळलं.

रुईचा दौलतसिंग, क्लबातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस, मागून म्हणाला की बाईमाणसाच्या हाती हत्यार गेलं की तेलातच तळून निघणार. दोघे-चौघे हसले. बेबीताईच्या अंगाचा तिळपापड झाला. एक वाक्य बोलली असती तर दौलतसिंगचं तोंड जागेवर बंद झालं असतं. पण ज्या माणसांपुढे देवमन एवढी वर्षं उस्ताद म्हणून मिरवला, त्यांच्यापुढे त्याला कसं उघडं पाडायचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती गप्प राहिली आणि त्या गप्प राहण्याचाही तिला राग आला.

"चाल घरी," देवमन खालच्या आवाजात म्हणाला. "राहू दे आता. हारली असं समज."

"म्या मारलंच नाई, तं हारीन कशी?" बेबीताई म्हणाली. मग रऊफभाईंकडे वळून तिने विचारलं, "हे कायनं निघते?"

रॉकेलने निघतं, पण वेळ लागेल, दुकानात द्या, रऊफभाई म्हणाले. दौलतसिंग तसा मनाचा वाईट नव्हता. त्याने आपली नवीकोरी रिव्हॉल्व्हर पुढे केली आणि हिने मारा म्हणाला. बेबीताईने ती हातातही घेतली नाही. ज्या पोराचा बाळंतविडा करायचा तेच पोर पाहिजे, शेजारचं काय कामाचं, एवढंच ती म्हणाली आणि सतरंजीवर बसली.

रऊफभाईंच्या पेटीतलं रॉकेल, जुना दातांचा ब्रश, चिंध्या. त्यांनी चक्र काढून दिलं आणि कुठे काय ते दाखवलं. बाकी तिने केलं. पिवळा चिकट थर नखाने निघत नव्हता, घासला की पातळ व्हायचा आणि पुन्हा चिकटायचा. जेवणं झाली. तिचा डबा दुसऱ्याच कुणीतरी वाढला. लोक येऊन वाकून बघून गेले, सल्ले देऊन गेले, उंटावरून शेळ्या हाकून गेले. बेबीताईने मान वर केली नाही. बोटं रॉकेलने पांढरी पडली, तरी भोक-भोक पुसून ती पुन्हा चिंधी घालत राहिली. कधीतरी चक्र किर्र करून फिरलं. मग सुटं फिरलं. घोडा अजून थोडा जड होता, पण चालत होता. रऊफभाईंनी दोनदा तपासून मान हलवली आणि रेंज मोकळी करायला सांगितली.

ती उभी राहिली. तिने सहा गोळ्या भरल्या, नळी मिटली आणि हात लांब केला. घोडा ओढला, तो मध्येच अडला, तिने जोर लावला आणि गोळी सुटली. दरडीवर कागदाच्या बऱ्याच वर मुरमाचा धुरळा उडाला. सगळ्यांनी तो बघितला. बेबीताईनेही बघितला.

संपलं सगळं. मनात कुणीतरी हेच म्हणालं. पण हातात अजून पाच होत्या आणि ती या पाच गोळ्यांसाठी वर्षभर भिंतीसमोर उभी राहिली होती. देवमनच्या अटीसाठी नाही, आता स्वतःसाठी मारायचं, असं तिने ठरवलं. श्वास सोडला. पोराच्या दंडावर सुई टेकवताना सोडायची तसाच. दुसरी गोळी कागदात गेली. तिसरी तिच्याजवळ. पुढे ती मोजायचं विसरली. तो जुना, बारीक, टणक धक्का तळहातात येत होता आणि तिला इतका आनंद होत होता की शेवटची सुटल्यावरही तिने एकदा रिकामा घोडा ओढला. नळी मोडली, सहाही पुंगळ्या हवेत उडाल्या आणि ती पुन्हा गेल्या वर्षीसारखी हसली.

रऊफभाई कागद घेऊन आले. भोकं पाच, सगळी हाताच्या पंजाएवढ्या जागेत. ते घसा खाकरून म्हणाले की एका भोकातून दोन गेल्यासारख्या दिसतात, कडा बघा.

"नाई, रऊफभाई," बेबीताई म्हणाली. "पयली वरून गेली. साऱ्याईनं पाह्यली. बोली ती बोली. सोमवारी जमा करीन मी."

डोळ्यांत पाणी आलं ते तिने पुसलं नाही. हाताला रॉकेल होतं. दौलतसिंगने खरंच वाईट वाटून मान हलवली आणि तेवढं तेल लावायला नको होतं, ताई, असं म्हणाला.

मागे खुर्ची करकरली. देवमन उठला होता. मांडीखाली दाबलेले हात त्याने बाहेर काढले होते आणि ते सगळ्यांसमोर थरथरत होते. तसाच चालत तो पुढे आला आणि बायकोच्या शेजारी उभा राहिला.

"तेल तिनं नाई लावलं," तो म्हणाला. आवाज फौजेतला होता, खाणीच्या दरडीपर्यंत जाणारा. "जवस म्या ओतला. मले आता वाटीतलं समजत नाई, हातात राहत नाई. तिले मालूम होतं. तरी तिनं माहं नाव नाई घेतलं."

दौलतसिंगने टोपी काढून हातात घेतली.

देवमनने कागद घेतला. तो त्याच्या हातात फडफडायला लागला, तशी बेबीताईने दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून धरल्यावर तो स्थिर झाला. त्याने एकेका भोकावर बोट ठेवलं.

"हे पाच तुहे," तो म्हणाला. "अन् वरून गेली ते माही. ते माह्या नावावर लाव, बेबी. रिव्हॉल्व्हर तुह्या नावावर."