एक्केचाळिसावा परवाना

टाकीला ना डोळा, ना तोंड. काठोकाठ भरत आली की आतला एक स्विच पंप बंद करतो. तेवढंच तिचं शहाणपण. तो स्विच बिघडला. नवा मागवला, आणि "येतोय, येतोय" म्हणता म्हणता चाळीस दिवस गेले. तोवर स्विचच्या जागी आम्ही माणूस ठेवला. त्याने टाकीच्या माथ्याशी उभं राहायचं, काचेच्या नळीत पातळी बघायची, दर पंधरा मिनिटांनी वॉकीटॉकीवर आकडा सांगायचा. कंट्रोल रूममधल्या मास्तरांनी तो पडद्यावरच्या आकड्याशी ताडून लिहायचा.

असल्या तात्पुरत्या सोयीचा परवाना एका दिवसापुरता. सकाळी आठला तो संपतो. पुढचा माझ्या सहीने सुरू. या कारखान्याच्या सुरक्षेचा मॅनेजर मी. आतलं रसायन असं, की सांडलं की वाफ आणि वाफेला एक ठिणगी पुरे. तरी चहा यावा तशी रोज फाइल यायची आणि मी सही करायचो. 'फक्त आजच्यापुरतं' हे मी चाळीस वेळा लिहिलं.

परवान्यांचं पुस्तक संपलं, म्हणून पानं मोजली. चाळीस भरली. साडेसातला हेल्मेट चढवून शिडी चढलो.

वर पहाऱ्यावर माझा मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. माझ्याच शब्दावर इथे लागलेला.

"दाजी, तुम्ही? आज सूर्य कुठून उगवला?"

"पातळी सांग."

त्याने काचेकडे बघितलंच नाही. वॉकीटॉकी तोंडाशी नेली. "मास्तर, किती?"

"बासष्ट."

"बासष्ट टक्के, दाजी."

मी वाकून काचेत पाहिलं. आत दुधासारखं धुकं.

"हे कधीपासून?"

"अकरा दिवस झाले. पुसून पुसून हात दुखले, पण डाग आतून आहे. मग मास्तरांनाच विचारतो. ते पडद्यावर बघतातच की."

खाली येऊन मास्तरांना विचारलं. ते हसले. "पडद्याचं काही खरं नाही, साहेब. मधेच आकडा अडकून बसतो. पण वरचा माणूसही तोच आकडा सांगतो ना, म्हणून मी निर्धास्त."

याचा आकडा त्याच्याकडे, त्याचा आकडा याच्याकडे. टाकीकडे कुणीच नाही. आणि पंप चालूच.

आठला दहा कमी असताना मोठे साहेब नवं पुस्तक घेऊन स्वतः आले. मी सगळं सांगितलं.

"दुपारी काच उघडून साफ करून घेऊ," ते म्हणाले. "तोवर सही करा. थांबवलं की चौकशी आली. त्यात आधी तुमचा मेहुणा जाईल. आणि चाळीस सह्या कुणाच्या?"

"माझ्या."

"मग कशाला स्वतःच्या पायावर धोंडा?"

मेहुणा खाली येऊन दारात उभा होता. "दाजी, घरी बायकोचे दिवस भरत आलेत हो," एवढंच म्हणाला.

ज्या दाराला कडी लावायची, त्याच दारात माझी बोटं सापडलेली. लावली तरी चेंगरणार, न लावावी तर वरची टाकी भरतेय. बासष्ट, की नव्वद, की आत्ताच काठाला, कुणास ठाऊक. मोठ्या साहेबांनी पेन पुढे केलं. मी ते घेतलं. टोक कागदावर टेकवलं. 'फक्त' लिहून झालं आणि हात पुढे सरकेना.

आठ वाजले. मास्तरांचं बोट बटणावर. "साहेब, परवाना संपला. काय करू?"

"बंद करा."

पंपाची घरघर थांबली. एवढी शांतता त्या खोलीने कधी ऐकली नसेल. मोठे साहेब चौकशीचा कोरा फॉर्म टेबलावर टाकून निघून गेले.

'परवाना कुणी दिला?' माझं नाव लिहिलं. 'पहाऱ्यावर कोण?' इथे पेन थांबलं.

मेहुणा जवळ आला. "लिहा ना. आडनाव नीट लिहा, लोक नेहमी चुकतात." मग खुर्ची ओढली त्याने. "ताईला मात्र तुम्ही सांगा." आणि हेल्मेट मांडीवर घेऊन, त्यावर हात फिरवत बसून राहिला.

मी त्याचं नाव लिहिलं. बायकोला फोन लावला. तिने लगेच उचलला.

"एवढ्या सकाळी? सगळं ठीक ना?"

"ठीक आहे," म्हटलं. "आज आम्ही दोघंही जरा लवकर घरी येतोय."