रेकॉर्डपेक्षा हळू

मी ड्रम बोलतोय. मोठा ड्रम. जो जमिनीवर आडवा बसतो आणि ज्याला ड्रमर पायाने वाजवतो, तो. लहान ड्रम माझ्या डोक्यावर आणि आजूबाजूला असतात. काठ्या खातात, चकाकतात, फोटोत येतात. त्यांच्याविषयी मला काही सांगायचं नाही.

एरवी मी स्वतःहून बोलत नाही. आता बोलतोय, कारण आमच्या निरोपाच्या कार्यक्रमानंतर लोक काय काय बरळले ते माझ्या कानावर आलं. "म्हातारे दमले." "गाण्याचा जीवच काढला." "रेकॉर्डवर कसं पळतं, आणि इथे कसं रांगतं!" एक शहाणा तर पहिल्याच रांगेत उभा राहून फोनवर जुनी रेकॉर्ड लावून आम्ही किती मागे पडतोय ते तपासत होता. तिकीट काढून आला होता आणि ऐकत होता फोन.

असल्या लोकांना गाण्याची लय का बदलते ते सांगून उपयोग नाही. तरी सांगतो.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफेवर मऊ करून गोल वाकवल्या आणि एकीवर एक चिकटवल्या. मला घडवणारा सुतार कमी बोलणारा होता. दोन्ही तोंडांवर कातडं ताणून झाल्यावर त्याने एक थाप मारली, कान लावला आणि म्हणाला, "बरा आहे." झालं कौतुक. पुढे 'जबरदस्त', 'अफाट' म्हणून किंचाळणारी हजारो माणसं पाहिली. त्या सुताराच्या दोन शब्दांची सर एकालाही आली नाही.

मला विकत घेणारा टायरच्या गॅरेजमध्ये कामाला होता. दुकानात आला, मला दोन ठोके दिले, मान हलवली आणि खांद्यावर घेऊन चालू लागला. त्याचा पाय मोठा होता आणि खोटा नव्हता. पाय खोटा असला की मला लगेच कळतं. मन गाण्यात नसलेला माणूस माझ्यावर पाय आपटतो. हा पाय ठेवायचा.

गॅरेज बंद झालं की टायरांच्या ढिगाआड बँड जमायचा. गिटारवाले दोघे आणि एक गायक. गायक काडीसारखा, पण मिजास अशी की छपराला टेकावी. त्याची धाकटी बहीण त्याला जेवायला बोलवायला यायची आणि स्वतःच ऐकत बसायची. एकदा ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्याचं पोट रिकामं आहे का? किती घुमतंय ते!" दुसऱ्या दिवशी तिने घरून एक जुनं लोकरीचं पांघरूण आणलं आणि माझ्या पोटात कोंबलं. माझा आवाज तेव्हापासून भरीव झाला. ते पांघरूण अजून आत आहे.

पुढे तिने ड्रमरशी लग्न केलं. गायक ड्रमरला दाजी म्हणू लागला, मग सगळा बँडच दाजी म्हणू लागला. रॉक बँड म्हणवून घ्यायचे, खांद्यापर्यंत केस वाढवायचे, आणि भर स्टेजवर "दाजी, घ्या" म्हणून गाणं सुरू करायचे.

आमचं नाव झालं ते एका गाण्यामुळे. लोक त्याला 'दारावरचं गाणं' म्हणतात. घर सोडून गेलेला माणूस परत येतो, दारात उभा राहतो, आणि दार उघडण्याआधी सगळं बोलून टाकतो. मधली ओळ फार लांब आहे. गायकाने ती लिहिली तेव्हाच बजावलं होतं, "ही तोडायची नाही. तो एका दमात बोलतोय. मध्ये श्वास घेतला तर तो खोटं बोलतोय असं वाटेल."

त्याची ही एकच गोष्ट मला मान्य आहे.

गाण्याची लय दाजींनी ठरवली. गायक ओळ पुटपुटत टायरांमधून येरझारा घालायचा. दाजींनी त्याच्या चालीवर पाय धरला. सावकाश, पण न रेंगाळता. तीच त्या गाण्याची खरी लय. दुसरी नाही.

मग रेकॉर्ड करायला गेलो. काचेपलीकडे कंपनीचा साहेब बसला होता. ऐकून झाल्यावर जांभई देत म्हणाला, "छान आहे. पण झोप येते." आणि त्याने टेप वेगाने फिरवली. वाजवलं आम्ही एका लयीत, बाहेर पडलं दुसऱ्याच. गायकाचा आवाज बारीक झाला, कोवळा झाला, आणि ती लांब ओळ पाखरासारखी भुर्रकन उडून गेली. त्या वेगात ते गाणं कोणीही वाजवलेलं नव्हतं. कोणीही गायलेलं नव्हतं.

गायक पॅसेजमध्ये जाऊन रडला. "हा मी नाही," म्हणाला. बहिणीने पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला.

रेकॉर्ड धडाधड खपली आणि मग 'हा मी नाही'चं 'हा मीच' झालं.

त्यानंतर जिथे जाऊ तिथे लोकांना रेकॉर्डसारखं हवं असायचं. आम्ही आमच्याच रेकॉर्डच्या मागे धावू लागलो. वय लहान होतं, अंगात रग होती. समोर माणसं ओरडायला लागली की दाजींचाही पाय सुटायचा आणि गाणं रेकॉर्डच्याही पुढे पळायचं. मी धापा टाकायचो. लोक म्हणायचे, काय जोश आहे! जोश कसला? घाबरलेला माणूस भरभर बोलतो, तसं ते होतं.

मग मोठी सभागृहं मिळाली. तिथे माझा ठोका मागच्या भिंतीवर आपटून परत यायचा आणि पुढच्या ठोक्याच्या पायात पाय घालायचा. दाजींनी वेग कमी केला. ऐकणाऱ्यांपैकी कोणाला कळलं नाही. कळत नाही तोवर लोकांची तक्रार नसते.

आणि मग वय झालं.

इथे नीट ऐका. माझं मागचं तोंड दाजींकडे असतं आणि पुढचं गायकाच्या पाठीकडे. त्या दोघांमध्ये आयुष्यभर मी बसलोय. दाजींचा गुडघा दुखतो हे खरं आहे. कार्यक्रम झाल्यावर ते धरून धरून उठतात. पण गुडघा दुखतो म्हणून माझ्यावरचा ठोका कधी चुकला नाही. गाणं हळू झालं ते गायकाच्या खांद्यांमुळे. लांब ओळ जवळ आली की त्याचे खांदे वर चढायला लागले. दम पुरत नव्हता. दाजी ते खांदे बघायचे आणि ओळीच्या आधीच लय सैल सोडायचे, त्याला श्वास भरून घ्यायला जागा मिळेल एवढी. दोघांत यावर कधी एक शब्द झाला नाही.

लोक म्हणायचे, ड्रमर थकला. गायक ऐकून घ्यायचा आणि केसांना कलप लावायचा.

गेल्या वर्षी निरोपाचा दौरा ठरला. लोक निरोप एकदा घेतात, आमचा सहा शहरांत होता. बँडचा व्यवहार गायकाचा मुलगा पाहतो. त्याने एक मोठा पडदा आणला. त्यावर तरुणपणीचा गायक दारावरचं गाणं गाणार आणि त्याच वेळी खाली म्हातारा गाणार. दोघांची तोंडं जुळावीत म्हणून सगळ्यांच्या कानात एकेक यंत्र घातलं. ते रेकॉर्डच्या वेगाने टिकटिक करतं.

"काका, टिकटिक ऐकू येतेय ना?" मुलाने तालमीत विचारलं.

"बहिरा नाही मी," दाजी म्हणाले.

"मग तिच्याबरोबरच चला. वरचे बाबा आणि खालचे बाबा एकदम गायला पाहिजेत."

"वरचे बाबा पंचविशीतले आहेत रे."

"म्हणून तर लोक येणार आहेत, काका."

दाजींनी यंत्राबरोबर वाजवलं. चोख. लांब ओळ आली, गायकाचे खांदे वर गेले, आणि अर्ध्या ओळीत तो खोकत थांबला. मग मागे वळून म्हणाला, "दाजी, पाय जड पडतोय तुमचा. गाणं ओढत नेल्यासारखं वाटतंय."

इतकं निर्लज्ज वाक्य मी ऐकलेलं नाही.

"असेल," दाजी म्हणाले.

मुलगा पुढे आला. "काका, राग मानू नका. एक तरुण ड्रमर आहे माझ्या ओळखीचा. या गाण्यापुरता तो बसेल. त्याचा स्वतःचा सेट आहे."

या गाण्यापुरता म्हणे! बाकीची गाणी ऐकायला येतो कोण? म्हणजे दाजी बाद आणि मीही बाद. माझ्या जागी कोणी चकाकणारं पोर बसणार, ज्याला गॅरेज म्हणजे काय ते ठाऊक नाही.

दाजींची बायको कोपऱ्यात चहा ओतत होती. तिने थर्मास खाली ठेवला.

"दादा, त्यांचा पाय जड आहे की तुझा दम आखूड आहे?"

"तू मध्ये पडू नकोस."

"मी नाही तर कोण पडणार? तुला जेवायला हाका मारायला मीच यायचे ना? हे गाणं या वेगात तू जन्मात गायलेलं नाहीस. त्या साहेबाने टेप पळवली होती. 'हा मी नाही' म्हणून पॅसेजमध्ये कोण रडलं होतं?"

"मी? कधी?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. सोंग करत असता तर मी सोडून दिलं असतं. पण यंत्राने केलेल्या खोट्या तरुणपणावर ह्या माणसाचा मनापासून विश्वास बसला होता.

"भांडू नका," दाजी म्हणाले. "मी टिकटिकीबरोबर वाजवतो. पहिल्या कार्यक्रमात चुकलो तर पुढे तुझा तो तरुण ड्रमर बसव."

"बघा हं, काका. शब्द दिलाय तुम्ही," मुलगा म्हणाला.

मला पेटीत ठेवताना बायको दाजींवर चिडली. "त्याला खरं का नाही सांगत तुम्ही?"

"काय सांगू? माझा गुडघा गेला म्हटलं तरी मी बसून वाजवतो. त्याचा दम गेला म्हटलं तर तो काय करणार?"

तिने पेटीचं झाकण लावून टाकलं. मला मात्र हे पटलं नाही आणि आजही पटत नाही. दुसऱ्याची लाज स्वतःच्या गुडघ्यावर घेण्यात कसलं आलंय मोठेपण? पण पाय त्यांचा. मी फक्त ड्रम.

पहिला कार्यक्रम. सभागृह भरलेलं. दारावरचं गाणं सुरू झालं तेव्हा पडदा माझ्या मागे होता, मला तो दिसत नव्हता. मला दिसत होती गायकाची पाठ आणि त्यापलीकडे वर पाहणाऱ्या लोकांच्या माना. दाजी टिकटिकीला धरून होते. एक ठोका चुकला असता तर त्यांचा दौरा संपला होता, आणि त्यांचं आयुष्य ह्या एका स्टुलावर गेलं होतं.

लांब ओळ जवळ आली. खांदे चढले. मानेच्या शिरा ताठल्या. समोर इतकी माणसं, आणि तो अर्ध्या ओळीत फुटणार होता, त्या दिवशी तालमीत फुटला तसा.

दाजींनी कानातलं यंत्र उपटलं.

पाय माझ्यावर आला. गॅरेजमधला पाय. सावकाश, न रेंगाळता. गिटारवाले गडबडले आणि मग सवयीने मागे आले. गायकाला ठोका पाठीत लागला असावा. त्याने कानाला हात लावला, यंत्र ओढून टाकलं, पोटभर श्वास घेतला आणि ओळ धरली.

वरच्या पोराने ती केव्हाच संपवली होती. हे मला लोकांच्या मानांवरून कळलं. त्या आधी वर होत्या, मग एकेक करून खाली आल्या. म्हातारा अजून दारात उभा होता आणि बोलत होता. एका दमात. सभागृहात कोणी खोकलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मुलगा मेकअपच्या खोलीत तणतणत आला. "काका, ठरलं होतं आपलं!"

"ठरलं होतं," दाजी म्हणाले आणि गुडघा चोळत बूट काढू लागले.

तेव्हा गायक बोलला. मी दारातच होतो, मला चाकांच्या गाडीवर चढवत होते. मी वाट पाहिली. आता तरी हा खरं बोलेल असं वाटलं.

"दाजीच बसतील," तो म्हणाला. "यंत्र काढून टाक. त्यांचा गुडघा आहे, त्यांना तो वेग झेपत नाही. घरचं माणूस आहे. आपणच सांभाळून घ्यायचं."

बहिणीने कपाळावर हात मारला. दाजी खाली मान घालून हसले. इतके हसले की बुटाची नाडी सुटेना.

उरलेली पाच शहरं झाली. पडदा आणला नाही. लोक म्हणाले, म्हातारे दमले.

आता मी दाजींच्या मागच्या खोलीत आहे. बायको माझ्यावर इस्त्रीचे कपडे रचते. मी काही बोलत नाही. तिचं पांघरूण माझ्या पोटात आहे, तिचे कपडे डोक्यावर असले म्हणून काय झालं. केसांचा कलप सुटलेला गायक कधी दुपारी येतो. चहा पितो, राजकारणावर बडबडतो, निघून जातो.

परवा मात्र निघता निघता थांबला. कपड्यांची चळत उचलून त्याने खाटेवर ठेवली.

"दाजी, दारावरचं घ्या."

दाजी स्टुलावर बसले. पाय उचलला.

"जरा हळू घ्या," गायक म्हणाला. "मला पुरत नाही."

दाजींचा पाय क्षणभर हवेतच राहिला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता, तोही थांबला. मग ठोका पडला आणि गायक खोलीत येरझारा घालत गाऊ लागला. ओळ आली. एका दमात गेली.

तुमच्याकडे मी काही मागत नाही. पुढच्या वेळी कोणा म्हाताऱ्यांचं गाणं हळू वाटलं तर फोन खिशात ठेवा आणि ती ओळ स्वतः एका दमात म्हणून पाहा. जमली तर बोला.

गायकाचं म्हणाल, तर बरा आहे.