माफीची कमाई

“आधी ताईचे पैसे दे, मग जगाचे. आणि तोंडाने हो म्हण, नुसती मान हलवू नकोस.”

आई शेवटच्या आजारात हे म्हणाली, तेव्हा सोफेवाला मोठ्याने हो म्हणाला होता. शब्दाचा पक्का माणूस. फक्त क्रम तेवढा उलटा झाला. आधी जग आलं, मग टेम्पो आला, मग बँक. ताईचे पैसे हे मुळात उसने नव्हतेच, बहिणीची माया होती, असं हळूहळू त्याला स्वतःलाच पटलं.

बँकेने मात्र कमाल केली. दोन वर्षं फोन करून थकल्यावर अर्धं कर्ज वसूल केलं आणि अर्धं सोडून दिलं. “नमवलं की नाही बँकेला!” असं तो गल्लीभर सांगत फिरला. ते करखात्याच्याही कानावर गेलं असावं, कारण लगेच नोटीस आली. सोडलेलं कर्ज ही तुमची कमाई, तिच्यावरचा कर भरा.

“जे हातात आलंच नाही, ती कमाई कशी?” त्याने कर सल्लागार बाईंना विचारलं.

“आलं होतं ना? परत केलं नाहीत, म्हणजे मिळालंच की.”

“मग भरू कुठून? शिलाईचं मशीन विकू?”

“एक वाट आहे. माफी मिळाली त्या दिवशी तुमच्या मालमत्तेपेक्षा देणी जास्त होती, असं दाखवा. थोडक्यात, कंगाल होतात हे सिद्ध करा.”

जन्मभर ऐट मिरवलेल्या माणसाला आता कंगालपणासाठी पुरावे गोळा करायचे होते. बायकोने मनापासून मदत केली.

“दुकानातले सोफे?” सल्लागार बाईंनी तिला विचारलं.

“गिऱ्हाइकांचे.”

“टेम्पो?”

“ढकलला तर चालतो.”

“तुमचा हार?”

“यांनी सोन्याचा म्हणून आणला होता,” ती हळूच म्हणाली. “मी कधी विचारलं नाही.”

सोफेवाला पंख्याकडे बघत बसला. एवढं होऊनही कंगाल व्हायला थोडं कमीच पडत होतं.

“आणखी कुणाचं देणं?”

“नाही,” तो म्हणाला.

“ताईंचं,” बायको म्हणाली.

“ती माया होती!”

“माया हिशेबात धरता येत नाही,” बाई म्हणाल्या. “उसने असतील तर बहिणीची सही आणा, मशीन वाचेल.”

ताई नर्स. ड्युटीवरून येऊन, स्प्रिंग वर आलेल्या खुर्चीत कडेकडेने बसून, तिने पाय गरम पाण्यात सोडले होते.

“ताई, मी तुझं देणं लागतो.”

“डोक्यावर पडलास का? इतकी वर्षं मी हेच म्हणत होते, तेव्हा मी लोभी होते!”

“चुकलंच माझं. सही कर.”

“जाऊ दे रे. सोडले मी ते पैसे.”

“सोडू नकोस!” तो ओरडला. “तू सोडलेस तर मी कंगाल राहत नाही!”

ताई इतकी हसली की पाणी फरशीभर झालं. मग डोळे पुसून तिने सही केली. “आईला काय म्हणाला होतास, आठवतं ना?” एवढंच म्हणाली.

खात्याने त्याचा कंगालपणा मान्य केला. मशीन वाचलं. आता ताईला पैसे दिले की नाही, हे विचारायला कोणी येणार नव्हतं. खातं नाही, आणि ताई तर नाहीच.

महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याने दुपारीच शटर ओढलं. खिशात पहिल्या हप्त्याचं पाकीट ठेवलं, खांद्यावर फोमचा तुकडा आणि चार नव्या स्प्रिंगा घेतल्या. कुठे निघालास, म्हणून शेजारच्या दुकानदाराने हटकलं.

“काम आहे एक. जुनं,” तो म्हणाला, आणि ताईच्या घराच्या दिशेने चालू लागला.