हंबीरराव का वाचले

शहाण्णव साली उचगावचे हंबीरराव आणि हुपरीचे ज्ञानू यांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन एकाच आठवड्यात झालं. दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारी होत्या. हंबीरराव मिसरूड फुटल्यापासून बिडी ओढणारे. मोटारसायकलवरून पडले, बरगड्यांचा एक्स-रे काढला आणि त्यात बारीकशी गाठ दिसली. पैंजण घडवणारे ज्ञानू निर्व्यसनी. त्यांचा खोकला टीबीचा समजून वर्षभर गोळ्या दिल्या गेल्या. छाती उघडली तोवर रोग पसरला होता. दोन वर्षांत ज्ञानू गेले.

हंबीररावांची ऑपरेशनला सुटलेली बिडी मात्र गोठ्यामागं चोरून पुन्हा सुरू झाली. घरी पत्ता नव्हता, डॉक्टरांनाही नाही.

काही वर्षांनी ते तपासणीला राजारामपुरीतल्या दवाखान्यात गेले, तर बाकावर ज्ञानूंची बायको बनाबाई. सोबत तिचा खोकणारा भाऊ, बाळासो.

"हेच उचगावचं पावणं," ती भावाला म्हणाली. "बिडी सोडली म्हणून ठणठणीत हायत बघ."

"अजाबात वडत न्हाईसा?" बाळासोनं विचारलं.

हंबीररावांनी 'न्हाई' म्हणून मान हलवली.

बनाबाई हळूच म्हणाली, "तुमी मनावर घेतलासा. मला मात्र ह्यांना येळंवर मोठ्या डॉक्टरकडं न्यायचं सुचलं न्हाई."

हंबीररावांना ते ऐकवेना.

"वैनी, मी खोटं बोललो. सकाळीच वडून आलोय. पडलो म्हणून माझं लवकर घावलं, एवढंच. आणि टीबीच्या गोळ्या डॉक्टरनं दिल्या, तुमी न्हाई."

बनाबाई त्यांच्याकडं वळली. "मी गावभर तुमचं नाव सांगत हिंडले की."

बाळासो हसला. "मग मी तरी कशाला सोडू?"

हंबीररावांचा नंबर आला तसं त्यांनी बाळासोला हाताला धरून आत नेलं आणि त्याच्यादेखत डॉक्टरांना सगळं सांगितलं.

डॉक्टर चिडले नाहीत. "लवकर सापडलं म्हणून वाचलात," ते म्हणाले. "दुसरी गाठ अशीच सापडेल, असं समजू नका."

त्यानंतर हंबीरराव दर आठवड्याला हुपरीला जाऊन बाळासोजवळ बसू लागले. दोघांनी मिळून बिडी सोडायचं ठरवलं. बाळासोची सुटली. हंबीररावांची दोनदा परत सुरू झाली. दोन्ही वेळा त्यांनी बनाबाईच्या दारात जाऊन, मान खाली घालून, ते तिला सांगितलं. तिनं दोन्ही वेळा त्यांना चहा दिला.