वाढत्या डोक्याचं हेल्मेट

मी एक जुनं हेल्मेट आहे, मित्रांनो. जुनं म्हणजे दीड वर्षाचं. सध्या माझ्यात एक कोंबडी बसते. पण माझा जन्म कोंबडीसाठी झालेला नव्हता.

मंगळवार पेठेतल्या एका दुकानाच्या दारात मी टांगलेला होतो. रंग लाल, माप अठ्ठावन्न सेंटिमीटर, पाठीवर आयएसआयचा खरा शिक्का. एके दिवशी वायरमन प्रसेनजीत, त्याची पाच वर्षांची अक्षता आणि आई तानूबाई दुकानात आले. अक्षता रोज बापाच्या मागं बसून शाळेत जाई, तीही उघड्या डोक्यानं.

दुकानदारानं आधी एक छोटं हेल्मेट तिला घातलं. तिचे गाल फुगले. "मान हलीव बघू," तो म्हणाला. तिनं हलवली. हेल्मेट डोक्याबरोबरच हललं, वेगळं नाही. खरं तर काम तिथंच संपलं होतं.

"लई घट्ट हाय की," तानूबाई म्हणाल्या. "पुढल्या वर्षी हुणार न्हाय. वाढत्या अंगाचं दावा, पावणं."

"आजी, ह्यो फ्रॉक न्हवं."

"फ्रॉक बी वाढत्या अंगाचाच हाय तिचा."

ते खरं होतं. फ्रॉकला आत चार बोटं दुमड होती आणि बुटांत पुढं कापूस. त्या घरात सगळं पुढल्या वर्षासाठी येई. त्यात त्या छोट्याची आणि माझी किंमत सारखी, मग एवढुसं कशाला घ्यायचं, असं प्रसेनजीतलाही वाटलं. मला खाली काढलं आणि माझ्यात घडी घालून पंचा कोंबला.

पहिल्याच गतिरोधकावर मी गर्रकन फिरलो. काच मागं, पाठ पुढं.

"पप्पा, रात झाली?" अक्षतानं आतून विचारलं.

"न्हाय गं, सकाळ हाय."

"मग सूर्य कुठं गेला?"

प्रसेनजीत हसला. मला हसू आलं नाही. माझा पट्टा हनुवटीखाली नव्हता, छातीवर लोंबत होता. त्या दिवसापासून ती मला दोन्ही हातांनी धरून बसू लागली. मित्रांनो, मी तिला जपायचं, तर तीच मला जपत होती. बापाला धरायला तिच्याकडे हातच उरत नव्हते. हे मला माहीत होतं, आणि सांगायला मला तोंड नव्हतं.

दसऱ्यानंतर दोघं शाहूवाडीला आत्याकडे निघाले. वाटेत म्हैस आडवी आली. प्रसेनजीतनं ब्रेक दाबला. आधी मी निघालो, मग पंचा, मग अक्षता. मी रस्त्यावर आपटून भाताच्या खाचरात पडलो. तिथून ती दिसत नव्हती. कान देऊन ऐकलं, तर काहीच नाही. मग रडणं ऐकू आलं. कुणाच्या रडण्यानं मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

भुवईवर चार टाके पडले. डॉक्टरीणबाईंनी चिखलानं भरलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"हे पोरीचं? मला वाटलं तुमचं."



टाके निघाल्यावर तिघंही पुन्हा दुकानात गेले, मला दाखवायला पिशवीत घालून. या वेळी प्रसेनजीतनं शिंप्याची टेप आणली होती. भुवयांच्या वरून डोक्याभोवती फिरवली: एक्कावन्न. ते छोटं हेल्मेट अजून तिथंच होतं. मान हलवून झाली. हनुवटीखाली एक बोट जाईल एवढा पट्टा आवळून झाला. तानूबाई शेवटी हळूच म्हणाल्या, "पुढल्या वर्षी हुणार न्हाय रं."

"न्हाय तर न्हाय, आई. डोकं वाढलं तर पेढं वाटू. नवं घिऊ."

तानूबाईंनी पदर तोंडाला लावला.

एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा डोक्यावर घालत नाहीत, म्हणून मी परसात आलो. कोंबडी तानूबाईंनीच बसवली. ती माझ्यात अगदी मापात बसते. मान हलवते, मी जागचा हलत नाही. उशिरा का होईना, कुणाला तरी मी बसलो.

तर मित्रांनो, घरातल्या लहानग्यासाठी हेल्मेट घ्यायला जाल तेव्हा त्याचं आजचं डोकं घेऊन जा. बूट, फ्रॉक खुशाल पुढल्या वर्षाचे घ्या. मी इथं पेढ्यांची वाट पाहतोय. परवा अक्षताच्या डोक्याभोवती टेप फिरवली, तर साडेएक्कावन्न भरलं.